पाटाच्या वरचे आणि पाटाच्या टेलचे: लगाश–उम्मा वादाचा प्रकरण अभ्यास

दक्षिण इराकमध्ये, नासिरियाच्या उत्तरेला, तेल्लो नावाचे पांढरीचे टेकाड आहे. १८७७ साली अर्नेस्ट द सार्झेक या बसऱ्यातल्या फ्रेंच अधिकाऱ्याने ते उकरायला घेतले. हे सुमेरी काळातले गिर्सू. इथून निघालेले दगड, मातीचे लेखशंकू आणि मृत्पट्टिका यांमुळे इ.स.पू. २६०० ते २३५० या काळातला एक वाद जवळजवळ पिढीगणिक मांडता येतो. वादी लगाश, प्रतिवादी उम्मा, ही शेजारशेजारची सुमेरी नगरराज्ये; वादाची मिळकत गुएदिना नावाचा सपाट, सुपीक पट्टा.

या प्रकरणाला ‘जगातले पहिले पाणीयुद्ध’ असे लेबल लावून मोकळे होण्याची पद्धत आहे. ते लेबल चुकीचे नसले तरी तोकडे आहे. जमीन, जवाचा खंड, पाटाचे दारे आणि सीमेची राखण अशा चार गोष्टींची इथे एकमेकींत गुंतागुंत आहे. एक सोडवायला जावे तर दुसरी आवळते, आणि त्या ओढाताणीत लवाद, लेखी करार, व्याज, कर्जमाफी या संस्था आकाराला येताना दिसतात.

जमिनीची घडण

नाईल आणि तैग्रिस–युफ्रेटिस यांना एकाच माळेत ओवण्याची शालेय सवय इथे आड येते. नाईलचा पूर उन्हाळ्याच्या शेवटी येतो आणि ओसरल्यावर पेरणी होते. निसर्ग आणि शेतकरी एकाच वेळापत्रकावर चालतात. मेसोपोटेमियात पेरणी ऑक्टोबर–नोव्हेंबरला, जेव्हा नदी खाली गेलेली असते. आणि पूर एप्रिल–मे महिन्यांत, जेव्हा जव कापणीला आलेला असतो. म्हणजे पाणी हवे तेव्हा ओढून आणायचे आणि नको तेव्हा अडवायचे, अशी दुहेरी बांधकामे लागतात.

दुसरी गोष्ट उताराची. बगदाद समुद्रसपाटीपासून जेमतेम ३४ मीटरवर आणि तिथून आखात सुमारे ५०० किलोमीटरवर. इतक्या मंद उतारावर नदी गाळ टाकत टाकत स्वतःचेच पात्र उंचावते आणि आजूबाजूच्या शिवारापेक्षा वरून वाहू लागते. काठ फोडला की पाणी आपोआप शेतात उतरते, ही सोय. मात्र एकदा फुटलेला काठ बुजवणे महाकठीण, आणि शेतातून वाहून गेलेल्या पाण्याला नदीत परतायला वाट नसते.

त्यामुळे पिकांची रांग ठरून जाते. पाटाच्या भरावाजवळची माती भरड, निचऱ्याची; तिथे खजूर, त्याच्या सावलीत कांदा, लसूण, काकडी. त्याखाली लांबट पट्ट्यांत जव आणि खपली गहू. अगदी खाली, जिथे पाणी साचते, तिथे बोरू, लव्हाळे, मासळी आणि गुरांचे कुरण. टेलच्या शेताला पाणी शेवटी मिळते आणि मीठ आधी.

उम्मा वायव्येला, पाटांच्या वरच्या अंगाला. गिर्सू तिथून सुमारे ३० किलोमीटर आग्नेयेला, खालच्या अंगाला. लगाश राज्यात गिर्सू, खुद्द लगाश (आजचे अल-हिबा) आणि निगिन अशी तीन शहरे होती. अल-हिबाच्या ड्रोन पाहणीचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की हे शहर दलदलीतल्या वेगवेगळ्या बेटांवर वसलेले होते आणि प्रत्येक वस्तीला स्वतःची वेस होती. म्हणजे लगाश हे निव्वळ जवाच्या शेतांवर उभे नव्हते. मासे, बोरू आणि नावा यांवरही पोट होते. तरीही सैनिक, विणकर, कुंभार यांना महिन्याच्या महिन्याला मोजून देता येईल असे एकच अन्न होते, जव. तो साठवता येतो, मापता येतो, उसना देता येतो. म्हणून भांडण जवाच्या पट्ट्यावर आले.

दोरी, दगड आणि शपथ

वादाची सुरुवात लगाशच्या लेखांत देवांपासून होते. देवांचा प्रमुख एन्लिल याने निंगिर्सू (लगाशचा देव) आणि शारा (उम्माचा देव) यांच्यात हद्द आखली. जमिनीवर ती आखली किशचा राजा मेसालिम याने, इ.स.पू. २६००च्या सुमारास: दोरी टाकून मोजणी केली आणि सीमेवर शिळा उभी केली. किश दूर उत्तरेला, दोघांपेक्षा वजनदार. त्रयस्थाने केलेल्या मोजणीची, नाव घेऊन सांगितलेली, यापेक्षा जुनी नोंद क्वचितच मिळेल.

या व्यवस्थेत एक मोठी फट होती. मोजणी करणारा निघून गेला. शिळेची राखण करणारा कोणी नव्हता. उम्माचा शासक उश याने ती उपटली आणि तो लगाशच्या शिवारात शिरला.

इ.स.पू. २४५०च्या आसपास लगाशच्या एअन्नातुमने उम्माचा पराभव केला आणि एनाकाले या तिथल्या शासकाशी नवी हद्द ठरवली. आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात तुकड्यांच्या रूपात असलेली ‘गिधाडांची शिळा’ याच विजयाची. एका बाजूला ढालींची भिंत करून चाललेले भालाईत आणि मुंडकी चोचीत धरलेली गिधाडे. दुसऱ्या बाजूला शत्रूंनी भरलेले जाळे धरलेला देव. पाहणारे चित्रापाशीच थांबतात, पण प्रकरणाचा जीव त्यावरच्या मजकुरात आहे. उम्माच्या शासकाला एकामागून एक देवांच्या जाळ्यावर शपथा घ्यायला लावल्या आहेत आणि त्यांतून चार अटी निघतात: निंगिर्सूचे शेत व्याजी कर्ज म्हणून कसायचे, हद्द ओलांडायची नाही, पाट आणि चाऱ्या बदलायच्या नाहीत, शिळा उपटायच्या नाहीत. मोडल्यास जाळे उम्मावर पडेल.

जमिनीवरची कामेही तितकीच ठोस. सीमापाट गुएदिनापर्यंत वाढवला. पाटाकाठी नव्या शिळा रोवल्या, मेसालिमची शिळा जागेवर बसवली. भरावावर देवांची छोटी ठाणी बांधली. आणि लगाशच्याच जमिनीतला २१५ निंदान (एक निंदान सुमारे ६ मीटर, म्हणजे जवळपास १,२९० मीटर) पट्टा उम्माच्या बाजूला ‘धन्याविना’ सोडला. मधली मोकळी पट्टी ठेवणे शहाणपणाचे वाटते. पण पाटालगतची सव्वा किलोमीटर रुंद कसदार जमीन कोणी पड ठेवील, ही अपेक्षा कोणत्याही काळात भाबडीच.

कर्ज फुगते कसे

करारातली सर्वांत कमकुवत अट पहिली होती. उम्माने लगाशच्या देवांचा जव उचलायचा आणि व्याजासह फेडायचा. मूळ उचल एक ‘कोठार’ भरून. हे धान्याचे सर्वांत मोठे माप. लगाशच्या १४४ लिटरच्या गुरप्रमाणे ३,६०० गुर, म्हणजे ५,१८,४०० लिटर. पुढच्या पिढीत, एअन्नातुमचा पुतण्या एन्मेतेना याच्या लेखात थकबाकी येते ८६,४०,००० कोठारे.

गुणाकार केला तर सुमारे साडेचार लाख कोटी लिटर होतात. वजनात २७० कोटी टनांच्या घरात. आज सगळ्या जगात वर्षाला साधारण १५ कोटी टन जव पिकतो. काही अभ्यासकांनी या आकड्याचे वाचन लहान करून पाहिले आहे, पण आकडा हवेतून आलेला नसावा. मेसोपोटेमियात पुढच्या काळात धान्याच्या कर्जावर रूढ दर ३३⅓ टक्के. त्या दराने एका कोठाराचे चक्रवाढ करत गेल्यास साधारण ५५ वर्षांत ८६ लाखांचा पल्ला येतो. आणि एअन्नातुमचा तह ते एन्मेतेनाचा लेख हे अंतर काही दशकांचेच. कोणा लेखनिकाने गणित बरोबर केले, फक्त शेत दर वर्षी एक-तृतीयांशाने वाढत नाही हे हिशेबात धरले नाही.

की मुद्दामच धरले नाही? आमच्या मते दुसरी शक्यता अधिक. न फिटणारे कर्ज हा जमिनीवरचा हक्क जिवंत ठेवण्याचा मार्ग असतो. रोख ताबा उम्माचा, कागद लगाशचा. पण अशा कर्जाचा परिणाम ठरलेला: ऋणको फेडायचा प्रयत्नच सोडतो आणि करारच मोडायला निघतो.

दारे फिरवले

उम्माच्या उर-लुम्माने नेमके तेच केले. सीमापाटाचे पाणी वळवले, शिळांना आग लावून त्या फोडल्या, भरावावरची ठाणी पाडली. चुनखडीचा दगड तापवला की तडकतो, त्यामुळे आग लावणे हा राग नव्हे, तंत्र होते. त्याने परमुलखातले सैनिकही भाड्याने आणले. एअन्नातुमचा भाऊ एनान्नातुम याने त्याला अडवले. पुढे एनान्नातुमचा मुलगा एन्मेतेना याने उर-लुम्माचा पाडाव केला, आणि पळताना उर-लुम्माने गाढवांच्या ६० जोड्या पाटाच्या काठावर टाकल्या असे लेख सांगतो.

पण उम्माच्या गादीवर लगेच झबालाच्या देवळाचा कारभारी इल बसला आणि त्याने पुन्हा पाणी फिरवले. थकबाकीपोटी त्याने फक्त ३,६०० कोठारे जव दिला. जाब विचारायला दूत गेले, तेव्हा त्याचे उत्तर होते की सीमापाट माझाच आहे. वरच्या अंगाला बसलेल्याचा हा युक्तिवाद आजही ओळखीचा वाटेल. आपल्याकडच्या कालव्यांवर टेलच्या शेतकऱ्याकडे पाणीपट्टीची पावती असते आणि वरच्याच्या हातात दारे असते.

दोनदा जिंकूनही लगाशला पाणी मिळेना, कारण रणांगण जिंकल्याने उतार बदलत नाही. इ.स.पू. २४००च्या सुमारास एन्मेतेनाने म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टी केल्या. उरुकच्या लुगाल-किनिशे-दुदूशी त्याने ‘बंधुत्व’ जोडले. या कराराच्या मातीच्या खिळ्यांवरच्या प्रती चाळिसांहून अधिक सापडल्या आहेत आणि ज्ञात करारमैत्रींत ती सर्वांत जुन्यांपैकी. दुसरे काम मोठे: तैग्रिसपासून थेट पाट काढून तो जुन्या पाटाला जोडला. युफ्रेटिसच्या फाट्यावर उम्मा वर बसले होते, म्हणून पूर्वेकडून दुसऱ्या नदीचे पाणी आणले. सीमेच्या भरावाचा पायाही त्याने दगडात बांधून घेतला. दगड नसलेल्या मुलखात ही चैन नव्हे, जिद्द होती.

अशा पाटाचे काम म्हणजे एकदाच खणून सुटणे नाही. दर वर्षी पुराबरोबर गाळ येतो, तळ वर येतो, प्रवाह मंदावतो आणि मंदावल्यामुळे आणखी गाळ बसतो. काढलेला गाळ काठावर टाकतात, काठ उंच होतात, पुढच्या वर्षी तो आणखी वर फेकावा लागतो. नंतरच्या काळातल्या हिशेबात एका माणसाचे दिवसाचे खोदकाम सुमारे ३ घनमीटर धरलेले दिसते, आणि वरच्या थरापेक्षा खालच्या थराचे माप कमी. समजा, ५ मीटर रुंद पाटाच्या १० किलोमीटर लांबीत अर्धा मीटर गाळ बसला, तर २५,००० घनमीटर. म्हणजे ८,००० हून अधिक मजूरदिवस, आणि तेही पेरणीच्या आधी उरकायचे. हा आकडा आमचा, समजुतीपुरता. पण राज्ययंत्रणा कुठून आली याचे उत्तर यात बरेचसे आहे: कोणी किती लांबी उपसायची, त्या दिवसांत किती जव द्यायचा, कोण आला नाही, हे लिहून ठेवणारा माणूस लागतोच.

आतल्या बाजूचा हिशेब

तो माणूस काय लिहीत होता ते आपल्याला ठाऊक आहे. गिर्सूच्या राणीच्या वाड्याचे (‘स्त्रीगृह’, पुढे देवी बाऊच्या नावाचे) जवळपास १,८०० लेख हाती आहेत, बहुतेक इ.स.पू. २३५०च्या आगेमागे २० वर्षांतले. लगाशचे अखेरचे दोन शासक लुगालान्दा आणि उरुकागिना यांच्या पत्नी, अनुक्रमे बारानामतारा आणि शाशा, यांच्या देखरेखीखाली विणकर बाया, नांगरे, कोळी, आचारी, चाकर यांना मिळणारा महिन्याचा जव नावानिशी नोंदवलेला आहे. जमीन तीन प्रकारची: खुद्द वाड्याच्या कसणुकीची, कामाच्या बदल्यात नोकरांना दिलेली, आणि खंडाने लावलेली.

शेताची रीत नंतरच्या एका सुमेरी कृषिपाठात तपशिलाने आली आहे. आधी शेतात पाणी भरायचे, पण पातळी चढू द्यायची नाही. पाणी उतरल्यावर खुरांना आवरण बांधलेले बैल फिरवून तण तुडवायचे. वापसा आला की नांगर, मग कुळवणी, ढेकळे फोडणे. पेरणीला नांगरालाच चाडे आणि नळा, म्हणजे एका फणाची पाभर. ६ मीटर रुंदीत ८ तास आणि बी दोन बोटे खोल. बी खोल गेले की उगवण विरळ होते, म्हणून बी टाकणाऱ्यावर नजर ठेवायला सांगितले आहे. रोपांनी तासाचा तळ झाकला की पहिले पाणी, मग दुसरे, तिसरे. तिसऱ्यानंतर पीक तांबूस दिसले तर तो रोग, पाणी थांबवायचे. निरोगी असेल तर चौथे पाणी. त्याने दहात एक मापाची भर पडते. कापणीला तिघांची टोळी: एक कापणारा, एक पेंढ्या बांधणारा, एक रचणारा. या चौथ्या पाण्याची गोष्ट पुढे मिठाच्या संदर्भात आठवावी लागेल.

यंत्रणा जशी लागते तशी ती खातेही. उरुकागिनाच्या सुधारणालेखात गाऱ्हाण्यांची यादी आहे: नावांचे मुकादम नावा बळकावत, देवाचे बैल शासकाचा कांद्याचा आणि काकडीचा मळा नांगरत, आणि मढे पुरायलासुद्धा ७ घडे बिअर व ४२० भाकऱ्या द्याव्या लागत. त्याने ते ३ घडे आणि ८० भाकऱ्यांवर आणले. कर्जापायी अडकलेल्यांना सोडले. हे एन्मेतेनानेही आधी केले होते, ‘आईला मूल आणि मुलाला आई परत दिली’ अशा शब्दांत. याला क्रांती म्हणणे जरा जास्त होईल. वरून पाणी तुटलेले, बाहेरून उम्मा चढून आलेले. अशा वेळी कुळे पळून जाऊ नयेत म्हणून शासकाने केलेली ती तडजोडही असू शकते. शिवाय देवांच्या नावे परत केलेली मालमत्ता राणीच्याच कारभारात राहिली, हे लेखांतूनच दिसते.

शेवट उम्माच्या लुगालझागेसीने केला. त्याने लगाशची देवळे जाळली. कोणते ठाणे जळले, कुठली चांदी-लाजवर्द लुटली, आणि निंगिर्सूच्या शेतातला जव उपटला, याची यादी एका मृत्पट्टिकेवर आहे. शेवटी दोष उरुकागिनाचा नाही, पाप लुगालझागेसीच्या देवीच्या मानेवर, असे लिहिले आहे. थोड्याच वर्षांत, इ.स.पू. २३३४च्या सुमारास, अक्कडच्या सार्गोनने लुगालझागेसीलाही गळ्यात अडसर घालून निप्पूरच्या वेशीशी नेले.

इथे एक सावधगिरी. ही हकीकत जवळपास पूर्ण लगाशच्या तोंडून आली आहे. उम्माच्या बाजूने तिथला शासक गिशाकिदू याचा सीमालेख आहे. त्यात हद्द शाराची, आणि ती न्याय्य आहे याबद्दल त्यालाही तितकीच खात्री.

मीठ: किती खरे, किती फुगवलेले

१९५८ साली थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी एक साखळी मांडली. एन्मेतेनाच्या पाटाने तैग्रिसचे मुबलक पाणी आले, निचरा नसल्याने भूजल वर चढले, केशाकर्षणाने मीठ पृष्ठावर आले, आणि दक्षिण सुमेर हळूहळू क्षारपड झाले. त्यांचे आकडे: दक्षिण इराकमध्ये इ.स.पू. ३५००च्या सुमारास गहू आणि जव निम्मे-निम्मे; गिर्सूत २५००ला गहू सहाव्या हिश्शावर; २१००ला २ टक्क्यांखाली; १७००पर्यंत नाहीसा. हेक्टरी उतारा २४००ला २,५३७ लिटर, २१००ला १,४६०, १७००च्या सुमारास लार्साजवळ ८९७. गव्हापेक्षा जव मीठ जास्त सोसतो, म्हणून पिकाची निवड हा पुरावा.

यंत्रणा म्हणून हे अगदी खरे आहे. कृष्णा–वारणाकाठी, शिरोळ-सांगली भागात उसाला पाट सोडून पाणी देऊन जमिनी चोपण झाल्या, मीठ फुटले, आणि आता जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करावा लागतो आहे. तेही हाच मार्ग चालून. जास्त पाण्याने दहात एक माप वाढते, हे चौथ्या पाण्याचे आमिष टेलच्या जमिनीला महागात पडते.

पण इतिहास म्हणून ही साखळी सैल आहे. मार्विन पॉवेल यांनी १९८५ साली दाखवले, की वेगवेगळ्या इस्टेटींचे, वेगळ्या मापांतले उतारे एका रेषेत मांडले गेले आहेत. आणि जवाकडे वळण्यामागे मीठ सोडून इतर कारणेही असू शकतात. सुमेरी शेतकरी हतबलही नव्हता. एक वर्ष पीक, एक वर्ष पड ही रीत होती. पड जमिनीत खोल मुळांची काटेरी तणे वाढतात, ती खालची ओल शोषतात, पाण्याची पातळी उतरते, आणि पुढच्या पाण्याने मीठ खाली धुपते. बिघाड होतो तो पडीचे वर्ष गाळले की: कर वाढला, खंड वाढला, युद्धासाठी जव हवा झाला, की आधी त्या वर्षावर गदा येते.

आमचा कौल पॉवेल यांच्या बाजूला झुकतो, आणि कारण साधे आहे. एन्मेतेनाच्या पाटानंतर पावणेतीनशे वर्षांनी, लगाशचा शासक गुदेआ याच्या काळात गिर्सू भरभराटीत होते. त्यानंतर उरच्या तिसऱ्या राजवंशात गिर्सू–लगाश हा राज्याचा सर्वांत मोठा प्रांत, आणि तिथे दर बुरला (सुमारे ६.५ हेक्टर) ३० गुर जवाचा अंदाज धरला जाई. तेव्हाचा गुर ३०० लिटरचा. हेक्टरी सुमारे १,४०० लिटर. क्षारपड होऊन मेलेल्या शिवारावर कोणी असा अंदाज बांधत नाही. त्या राजवंशात उम्मा आणि गिर्सू दोन्ही एकाच सत्तेचे प्रांत झाले, आणि पूर्वी भाल्यांनी सुटणारी गोष्ट मजूरदिवसांच्या वहीत आली.

गिर्सू ओस पडले ते पुढे, इ.स.पू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बाबिलोनच्या सम्सुइलुनाविरुद्ध दक्षिणेत बंड झाल्यानंतर. त्या काळात दक्षिणेकडचे प्रवाह आटले आणि शहरे एकामागून एक रिकामी झाली. पाणी वरच्या अंगालाच वळले होते, या वेळी उम्मापेक्षा बरेच वर.